अर्ध्या सेकंदाचा माज

"ड्युअल क्लच जास्त वेगवान आहे. विषय संपला."

स्पोर्ट्स कारच्या गप्पांत हे बोलणं हमखास येतं, आणि ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर निकाल वाचून दाखवल्याचं समाधान असतं. मॅन्युअल गिअरबॉक्सची बाजू घेणाऱ्याकडे मग जरा कीव करून पाहिलं जातं. याला काही कळत नाही, पण माणूस मनाने चांगला आहे, अशा थाटात.

यातल्या पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याशी आहे.

पहिलं वाक्य खरं का आहे, ते आधी नीट सांगतो. समोरच्याची बाजू लुळी करून मग ती पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. साध्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलायचा म्हणजे इंजिन आणि चाकं यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. क्लच दाबला, ॲक्सिलरेटर सोडला, दांडा एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातला, क्लच सोडला. तेवढा वेळ गाडी नुसती घरंगळते. ड्युअल क्लचमध्ये एकात एक बसवलेले दोन शाफ्ट असतात. एकावर १, ३, ५, ७ हे विषम गिअर, दुसऱ्यावर सम, आणि प्रत्येक शाफ्टला स्वतःचा क्लच. गाडी तिसऱ्यात पळत असतानाच चौथा दुसऱ्या शाफ्टवर लागून तयार असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो, आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जाणं थांबतच नाही.

कल्पना जुनी आहे. फ्रेंच अभियंता आडोल्फ केग्रेस याने ती दुसऱ्या महायुद्धाआधीच मांडली होती. पण दोन क्लच एकमेकांना अचूक वेळी हात देतील, इतकं चपळ नियंत्रण त्या काळी नव्हतं. १९८० च्या दशकात पोर्शने आपल्या ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत ती उतरवली. १९८६ साली मोंझाला हान्स स्टुक आणि डेरेक बेल हा गिअरबॉक्स घेऊन जिंकले. ऑडीने स्पोर्ट क्वाट्रो एस१ या रॅलीच्या गाडीत तो रॅलीचालक वाल्टर रोर्लच्या हाती देऊन पाहिला. रस्त्यावरच्या गाडीत तो आला २००३ मध्ये, फोल्क्सवागन गोल्फ आर३२ मधून. मग २००७ ची निसान जीटी-आर, २००८ ची पोर्श ९११, २००९ ची फेरारी ४५८. या शेवटच्या गाडीला तर क्लचचं पेडल मागूनही मिळत नव्हतं.

आता आकडे. २०२१ ची पोर्श ९११ जीटी३ घ्या, कारण एकच इंजिन, एकच सांगाडा, आणि गिअरबॉक्स मात्र दोन, असा स्वच्छ मुकाबला क्वचित मिळतो. चार लिटरचं, मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत चढणारं इंजिन. पीडीके म्हणजे पोर्शचा ड्युअल क्लच. तो बसवला की शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत. सहा गिअरचा मॅन्युअल असेल तर ३.९. अर्धा सेकंद. शर्यतीत अर्धा सेकंद म्हणजे आयुष्य असतं, हे मला मान्य आहे.

पोर्शच्या त्याच माहितीच्या तक्त्यातल्या पुढच्या दोन ओळी मात्र कुणी वाचून दाखवत नाही. मॅन्युअल गाडीचं वजन १४१८ किलो, पीडीकेचं १४३५. मॅन्युअलचा सर्वाधिक वेग ताशी ३२० किलोमीटर, पीडीकेचा ३१८. या दोन किलोमीटरांवर मी काहीही सिद्ध करू पाहत नाही, कारण ३१८ आणि ३२० मधला फरक कुणाच्याही जगण्यात येत नाही. पण मग अर्ध्या सेकंदालाच एवढा मान कशासाठी? ३.९ सेकंदांत शंभर गाठणारी गाडी हळू आहे, असं म्हणायला माणूस फारच आरामात वाढलेला असावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. घड्याळालाच न्यायाधीश नेमायचं असेल, तर त्याचा निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी तो मुकाट मान्य करण्याची तयारी हवी. ह्युंदाईची आयोनिक ५ एन नावाची विजेवर चालणारी गाडी आहे. पाच दारं, पाच माणसं, मागे सामानाला जागा, वजन दोन टनांहून जास्त. तिचा शून्य ते शंभरचा वेळ ३.४ सेकंद. पीडीकेवाल्या जीटी३ इतकाच. आणि या गाडीत बदलायला गिअरच नाही. विजेवर चालणारी रिमॅक नेव्हेरा तोच वेग दोन सेकंदांच्या आत गाठते. म्हणजे घड्याळाच्या कोर्टात ड्युअल क्लचचा खटलाही केव्हाच निकालात निघाला आहे. 'वेगवान, म्हणून श्रेष्ठ' हे ज्याचं तत्त्व, त्याने आपली फेरारी विकून मोटर आणि बॅटरी घ्यावी. तो घेत नाही. इंजिनाचा आवाज, रेव्ह चढण्याची नशा, गिअर पडतानाचा तो ठोका, हे सगळं तो सांगू लागतो. सांगावंच. फक्त तेच मॅन्युअलवाल्याने सांगितलं की ते हळवेपण कसं ठरतं, एवढं समजावून द्यावं.

गंमत पुढेच आहे. त्याच आयोनिक ५ एन मध्ये ह्युंदाईने एक सोय दिली आहे. ती चालू केली की मोटर आठ गिअरच्या ड्युअल क्लचचं सोंग घेते. स्टिअरिंगमागची पॅडल्स दाबली की खोटा गिअर पडतो, खोटा झटका बसतो, स्पीकरमधून खोटा आवाज येतो, आणि रेव्हची हद्द आली की गाडी खोटीच अडखळते. यातलं काहीही गाडीला वेगवान करत नाही. ज्या गिअरबॉक्सच्या भक्तांनी 'आनंद वगैरे सोडा, सेकंद दाखवा' म्हणून मॅन्युअलला हसून घेतलं, त्याच गिअरबॉक्सची नक्कल आता केवळ आनंदासाठी विकली जाते आहे. आणि विकणाऱ्यांचं काही चुकलंय असं मला वाटत नाही. माणसाला यंत्राशी झटापट हवी असते, हे त्यांनी ओळखलं.

दुसरा पुरावा ताजा आहे. एप्रिल २०२५ मध्ये पोर्शने सुधारित जीटी३ जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या ट्रॅकवर नेली. २०.८३२ किलोमीटरची एक फेरी, चालक यॉर्ग बेर्गमाइस्टर, गिअरबॉक्स सहा स्पीड मॅन्युअल. वेळ ६ मिनिटं ५६.२९४ सेकंद. आधीच्या जीटी३ ने पीडीकेसह तिथेच ६ मिनिटं ५९.९२७ सेकंद घेतले होते. नवी गाडी, मॅन्युअल, आणि तरी साडेतीन सेकंदांनी पुढे. याच नव्या गाडीला पीडीके लावला असता तर आणखी काही सेकंद वाचले असते, हे उघड आहे. मॅन्युअल वेगवान असल्याचा दावा मी करतच नाही. माझं म्हणणं इतकंच, की टायर, एरोडायनॅमिक्स, सस्पेन्शन यांच्यात चार वर्षांत जी सुधारणा झाली, तिने गिअरबॉक्समधला फरक गिळून टाकला. ज्या फरकावरून माणसं एकमेकांना अडाणी ठरवतात, तो पुढच्या आवृत्तीने सहज भरून काढावा एवढाच आहे.

'शर्यतीच्या मैदानावर सिद्ध झालेलं तंत्रज्ञान' हा युक्तिवादही नेहमीचा. तोही तपासून घ्यावा. पोर्शची आजची शर्यतीची ९११ जीटी३ आर ड्युअल क्लचवर धावत नाही. तिच्यात सहा गिअरचा सीक्वेन्शियल बॉक्स आहे, पॅडलने बदलणारा. ९६२ मध्ये सुद्धा पीडीकेची खरी अडचण वजनाची होती. शर्यतवाल्यांना झटका चालतो, दात घासले तरी चालतात, हलकं असलं म्हणजे झालं. ड्युअल क्लचचा खरा गुण वेगळाच आहे: तो वेगवान असूनही सभ्य आहे. सकाळी मुलाला शाळेत सोडता येतं, दुपारी ट्रॅकवर जाता येतं. हा गुण मोठाच आहे. पण तो शिष्टाचाराचा गुण आहे. त्याला रणांगणावरचं शौर्य म्हणून मिरवू नये. आणि सभ्यतेच्या स्पर्धेतही तो टिकला का? बीएमडब्ल्यूच्या एम विभागाने एकेकाळी ड्युअल क्लचचा केवढा गाजावाजा केला होता! २०१७ च्या एम५ पासून ते टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकवर परतले, कारण तो आता पुरेसा चपळ आहे, जास्त मऊ आहे आणि मोठा टॉर्क निमूट पेलतो. आजच्या एम२ ला दोनच पर्याय आहेत: टॉर्क कन्व्हर्टर किंवा क्लचचं पेडल. ही गाडी भारतातही पेडलसह विकायला ठेवली गेली. मधला गायब झालाय.

आता मॅन्युअलमध्ये आहे तरी काय, ते बोलू. 'फील' हा शब्द वापरून पळ काढणं सोपं आहे; मी तो वापरणार नाही. वेगात वळण समोर येतं. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, डावा पाय क्लचवर, हात चौथ्यातून तिसऱ्याकडे. पण तिसऱ्यात इंजिनाला जास्त फेऱ्या लागणार, म्हणून ब्रेकवरचा दाब तसूभर न हलवता त्याच उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी द्यायची, फेऱ्या चढवायच्या, आणि नेमक्या त्या क्षणी क्लच सोडायचा. जमलं तर गाडी लोण्यासारखी वळते. नाही जमलं तर मागची चाकं धक्का खातात आणि बाजूला बसलेल्या माणसालाही कळतं की तुमचं चुकलं. याहून वाईट म्हणजे तिसऱ्याऐवजी पहिला पडला तर इंजिनच्या फेऱ्या त्याच्या मर्यादेबाहेर जातात, व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात, आणि काही लाखांचं बिल येतं. ड्युअल क्लच हे होऊच देत नाही. तुम्ही चुकीचं पॅडल दाबलंत तर संगणक ते अमान्य करतो.

इथे प्रतिपक्ष म्हणतो, मग पॅडल तरी वेगळं काय? गिअर तुम्हीच बदलता ना? नाही. पॅडल म्हणजे अर्ज आहे. तो मंजूर करायचा की नाही, किती रेव्ह द्यायचे, क्लच किती मिलिसेकंदांत धरायचा, हे सगळं वरती ठरतं. मॅन्युअलमध्ये वरती कुणी नाही. चुकण्याची पूर्ण मुभा आहे, म्हणूनच बरोबर करण्याला किंमत आहे. रायगडाला रोपवे झाल्यावर पायऱ्या चढणाऱ्याला कुणी वेडं म्हटलं नाही. रोपवे काही मिनिटांत वर नेतो, आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांना तो वरदान आहे. पण गड चढायला आलेल्या माणसाला 'अरे, रोपवे जास्त वेगवान आहे' असं सांगणाऱ्याला तो का आलाय हेच कळलेलं नसतं.

तिसरा युक्तिवाद बाजाराचा. 'लोकांनी पैशाने मत दिलं. फेरारीने मॅन्युअल ठेवला होता, कुणी घेतला नाही.' वस्तुस्थिती म्हणून हे खरं आहे. ५९९ जीटीबी फिओरानो सहा-सात वर्षं चालली, तिच्या मॅन्युअल गाड्या जेमतेम तीसच्या आसपास बनल्या. पण आज त्याच तीस गाड्यांच्या मागे लिलावात माणसं कशी धावतात ते पाहा. पोर्शचं उदाहरण तर आणखी बोलकं. २०१३ ची जीटी३ फक्त पीडीकेसह आली. आता मागे वळून पाहणं नाही, अशा आवेशात. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर काढली: फक्त मॅन्युअल, फक्त ९९१ गाड्या. सगळ्या विकल्या गेल्या आणि लगोलग मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक भावाने पुन्हा विकायला निघाल्या. २०१७ च्या जीटी३ मध्ये पेडल मुकाट परत आलं. मतदान झालं होतं हे खरं, पण उमेदवारच मतपत्रिकेवर नव्हता.

शिवाय गिअरबॉक्सचा निर्णय नेहमी अभियंता किंवा गिऱ्हाईकच घेतो, ही समजूतही भाबडी आहे. धूर आणि इंधनाच्या चाचण्यांमध्ये संगणकाच्या ताब्यातला गिअरबॉक्स कारखान्याला सोयीचा पडतो, कारण कोणत्या वेगाला कोणता गिअर हे त्याला आधीच पढवून ठेवता येतं. २०२१ ची मॅन्युअल जीटी३ कॅलिफोर्नियात सुरुवातीला विकताच येईना. कारण इंजिन नव्हे, आवाजाच्या चाचणीची पद्धत. तिच्यात मॅन्युअलला जो नियम लागत होता तो पीडीकेला नव्हता. पुढे मार्ग निघाला. पण 'तंत्रज्ञानाची नैसर्गिक प्रगती' म्हणून जे दाखवलं जातं, त्यात कागदपत्रांचा वाटा बराच असतो.

सगळ्यात मोठा कबुलीजबाब मात्र स्वीडनहून आला. कोनिगसेग कंपनीने अनेक क्लचचा, नऊ गिअरचा असा बॉक्स बनवला की कुठल्याही गिअरमधून कुठल्याही गिअरमध्ये थेट उडी घेता येते. ड्युअल क्लचला दुसऱ्या शाफ्टवरच्याच गिअरची तयारी ठेवता येते, याला तीही अट नाही. आणि २०२२ मध्ये त्याच कंपनीने त्याच बॉक्सवर सीसी८५० नावाची गाडी उभी केली, जिच्यात क्लचचं पेडल आहे, धातूच्या खाचांचा गेट आहे, सहा गिअरचा दांडा आहे आणि नीट न चालवल्यास ती बंदही पडते. वेगाच्या शिखरावर पोचलेल्या माणसाने स्वतःहून केलेलं हे काम आहे. त्याला सेकंद मोजता येत नव्हते, असं कुणी म्हणणार नाही. गाड्यांचा डिझायनर गॉर्डन मरी याने टी.५० या बारा सिलिंडरच्या, टनाहून हलक्या गाडीत मॅन्युअलच घातला. पगानी कंपनीने उटोपिया या गाडीसाठी ड्युअल क्लच वजनाच्या कारणाने नाकारला.

आता माझ्याच बाजूच्या मंडळींना दोन शब्द, कारण तेही काही कमी नाहीत. 'खरा ड्रायव्हर तोच, ज्याला तीन पेडल्स येतात' ही भाषा मला असह्य होते. शर्यतचालक ॲलेक्स झनार्डीने २००१ मध्ये अपघातात दोन्ही पाय गमावले आणि २०१९ ला तो डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फक्त हातांनी गाडी चालवत होता. त्याला खोटा ड्रायव्हर म्हणायची कुणाची छाती आहे? ज्यांचा डावा पाय, गुडघा किंवा कंबर साथ देत नाही अशा असंख्य माणसांसाठी दोन पेडल्सची वेगवान गाडी हे एक उघडलेलं दार आहे. ते बंद करा असं म्हणणारा माणूस माझा मित्रपक्ष नाही. मॅन्युअल जास्त टिकतो, इंधन वाचवतो, हेही आता सरसकट ठोकून देण्यासारखं राहिलेलं नाही. आणि हल्लीच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये ती ॲक्सिलरेटरची टिचकी संगणकच देतो; २००९ च्या निसान ३७०झेड पासून ही सोय आहे. ती चालू ठेवून वर 'आम्ही यंत्राचे गुलाम नाही' म्हणणाऱ्यांनी निदान ती बंद करायचं बटण शोधावं.

आपल्याकडच्या वाचकाला हा सगळा वाद चैनीचा वाटेल, आणि का वाटू नये. ज्याने हिंजवडीच्या रांगेत किंवा सायन-पनवेलवर संध्याकाळी तासभर क्लच दाबला आहे, त्याला मॅन्युअलचं कौतुक सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. आपल्याकडे मॅन्युअल म्हणजे स्वस्तातली गाडी, आणि ऑटोमॅटिक म्हणजे जरा बरे दिवस आल्याची खूण. त्याने खुशाल ऑटोमॅटिक घ्यावी. रोज कामावर जायच्या गाडीबद्दल मी एक अक्षरही बोलत नाहीये. वाद आहे तो अशा गाडीचा जी गरजेसाठी घेतलीच जात नाही. चालवण्यासाठी चालवायची गाडी. पहाटे ताम्हिणीला किंवा आंबोलीला जायचं, आणि तेही कुठे पोचायचं म्हणून नाही. तिथे पोचण्याचा वेळ अर्ध्या सेकंदाने कमी केला याबद्दल कंपनीचे आभार कसे मानायचे, मला खरंच उमजत नाही.

मॅन्युअल बनवणाऱ्यांनीही एक पाप केलं आहे, आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही: गिअर लांब ठेवण्याचं. पोर्शची ७१८ केमन जीटी४, एरवी देखणी गाडी, दुसऱ्याच गिअरमध्ये ताशी १३० च्या पुढे जाते. म्हणजे कायद्यात राहून चालवायची तर माणसाने दांड्याला हात लावायचा फक्त पहिल्यातून दुसऱ्यात जाताना. मग जो दांडा वापरायलाच मिळत नाही त्याचं गुणगान कसलं? २०२५ च्या जीटी३ मध्ये पोर्शने अंतिम गुणोत्तर आठ टक्क्यांनी आखूड केलं, त्यामुळे सर्वाधिक वेग थोडा घटला आणि गाडी सुधारली. हाच धडा बाकीच्यांनी गिरवायचा आहे.

आणि 'हे सगळं श्रीमंतांचं खूळ आहे' हा शेवटचा बाण. ९११ आर आणि कोनिगसेगपुरतं ते खरं आहे, म्हणून माझा अखेरचा साक्षीदार त्या दुकानातला नाही. माझदा एमएक्स-५, १९८९ पासून चालू, वजन साधारण एक टन, दहा लाखांहून जास्त विकलेली, दोन माणसांची जगातली सर्वाधिक खपाची स्पोर्ट्स कार. भारतात ती अधिकृतपणे कधी मिळालीच नाही, हे आपलं नशीब. तिचा दांडा छोटा, हालचाल मनगटापुरती, गिअर आखूड, आणि ताकद इतकी बेताची की ती पुरवून पुरवून वापरावी लागते. ज्यांना हवा त्यांना ऑटोमॅटिक मिळतो, तोही साधा टॉर्क कन्व्हर्टरचा. या चार पिढ्यांत माझदाने तिला ड्युअल क्लच एकदाही बसवलेला नाही, आणि ती हळू आहे म्हणून तिला कुणी परत केल्याचं ऐकिवात नाही.